आधी पेरणी थोरलीची

लिलावाचा कागद फाटकावर चिकटवला गेला, त्या सकाळी दोर्सिलाला पहिलं वाईट वाटलं ते कागदाचं नव्हे. आपल्याआधी तो रिस्परने वाचला, याचं.

ती गुरं घेऊन सरोवरावर गेली होती. परत येताना चढावरूनच तिला दिसलं, की शेराच्या कुंपणाशी धाकटी उभी आहे आणि ओळींखालून बोट फिरवत काहीतरी वाचते आहे. दोर्सिलाने पुढच्या गाईला उगाच एक काठी ओढली. या घराचं जे काही बरंवाईट व्हायचं ते आधी थोरलीला कळलं पाहिजे, हा तिचा हक्क होता. मिकायी म्हणतात ते उगीच नव्हे. मिकायी म्हणजे पहिली बायको. फाटकातून आत आलं की समोरचं घर तिचं, नव्या पिकाचा पहिला घास तिचा, आणि तिने पेरल्याशिवाय त्या घरातल्या दुसऱ्या बाईने मातीत दाणा टाकायचा नाही. सरोवराकाठच्या लुओ लोकांत हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"घर विकायला काढलंय, मिकायी. बँकेने. चौदा मार्चला, होमा बे गावात, सकाळी अकराला."

"कुणाचं घर?"

रिस्पर पुन्हा कागदाकडे वळली आणि शाळेत धडा वाचावा तशा आवाजात वाचू लागली. "सव्वातीन एकर जमीन. राहतं घर एक. नोकराची खोली एक. पाण्याची टाकी एक." मग म्हणाली, "म्हणजे दोन्ही."

'नोकराची खोली' हे शब्द कुठून आले ते दोर्सिलाला माहीत होतं. रिस्परला माहीत आहे की नाही, हे मात्र तिला गेली चार वर्षं कळलं नव्हतं.

त्यांचा नवरा झाब्लॉन ओमोलो जाऊन दोन वर्षं होत आली होती. एके काळी तो शाळेत हेडमास्तर होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या डोक्यात बर्फाचा कारखाना शिरला. किनाऱ्यावर मासळी उतरते, बर्फ मात्र किसुमूहून येतो, तो इथेच केला तर काय हरकत, असा त्याचा हिशेब. जमिनीचा दाखला बँकेत ठेवून त्याने कर्ज काढलं, यंत्र आणलं. एक हंगाम बरा गेला. मग जलपर्णी आली आणि तिने किनारा असा बुजवला, की पाच महिने होडी पाण्यात गेली नाही. बर्फ होता, मासळी नव्हती. झाब्लॉनला अर्धांगाचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

रिवाजाप्रमाणे त्याला दोर्सिलाच्या घराच्या उजव्या अंगाला पुरलं. दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या तळाशी दोर्सिलाला एक समाधानही होतं, आणि ते ती कुणापाशी कबूल करणार नव्हती. सतरा वर्षं तो संध्याकाळी कुठल्या दारात वळतो, याकडे तिने चुलीपुढे बसून कान लावले होते. आता तो कुठेही वळणार नव्हता. उठलं की तो समोर, निजायला गेलं की तो खिडकीशी. रिस्परला त्याच्या कबरीवर फुलं ठेवायची तर थोरलीच्या अंगणातून यावं लागे.

आता बँक ते अंगणच विकणार होती.

वकील ओदुंडो याची कचेरी होमा बे गावात गाद्यांच्या दुकानाच्या वर होती. वयाने तिशीचा. उकाड्यातही अंगात जाकीट, आणि बोलताना समोरच्याला दुखू नये म्हणून खालच्या आवाजात बोलण्याची सवय. दोघी समोरच्या बाकावर बसल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. त्या जागेत झाब्लॉनचा धाकटा भाऊ नेहेमिया येऊन बसला.

"मधे बसायचं नशीब माझ्या भावाचं होतं," तो म्हणाला. "आता माझ्यावर आलं."

"भाऊजी, गप्प बसा," दोर्सिला म्हणाली.

वकिलाने बँकेकडून आणलेला कागद पुढे केला. "आई, मी वाचतो. राग मानू नका. 'मी, दोर्सिला अबुया ओमोलो, शपथेवर सांगते, की मी झाब्लॉन ओमोलो यांची एकमेव पत्नी आहे. राहतं घर गहाण ठेवण्यास माझी संमती आहे. माझ्या पतीला दुसरी पत्नी नाही व कधी नव्हती.' सही तुमचीच?"

"माझीच."

"हे 'व कधी नव्हती' बँकेच्या छापील मजकुरात नाही. हाताने लिहिलंय."

नेहेमियाने मान पुढे करून बघितलं. "अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला.

दोर्सिलाला तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. बँकेतल्या साहेबाने दोघांना खुर्च्या दिल्या होत्या. 'राहतं घर गहाण ठेवायचं तर बायकोची सही लागते,' तो म्हणाला होता. 'आणखी बायका असतील तर त्यांचीही. आहेत का?' झाब्लॉनने टोपी मांडीवर फिरवली. त्याला कर्ज लवकर हवं होतं, आणि दोन बायका एका टेबलाशी बसवायचा धीर त्याच्यात नव्हता. त्याने दोर्सिलाकडे पाहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सरकारी वाटणाऱ्या आवाजात तिला विचारत होतं, की या माणसाला दुसरी बायको आहे का. 'नाही,' ती म्हणाली. आणि लेखणी हातात आली तेव्हा तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिने ते तीन शब्द लिहिले. 'कधी' हा शब्द लिहिताना तिला काय सुख झालं होतं. रिस्परची सगळी वर्षं एका ओळीत पुसली गेली होती, आणि झाब्लॉन बाजूला बसून ते वाचत होता आणि गप्प होता. परत येताना गाडीत त्याने तिला भाजलेलं कणीस घेऊन दिलं होतं.

"आता कायदा असा आहे," वकील म्हणाला. "घरात बायका दोन असतील तर दोघींनी हो म्हणायला हवं. तुम्ही हो म्हणालात, त्यामुळे तुमच्याकडून आता काही अडवता येत नाही. यांना," त्याने रिस्परकडे हात केला, "कुणी विचारलंच नाही. त्या बायको होत्या हे कोर्टाने मानलं, तर विक्री थांबते. नाही मानलं, तर चौदा तारखेला जमीन गेली. आणि बँक म्हणणार, ही कोण बाई, आम्हाला पहिल्या बायकोनेच लिहून दिलंय की दुसरी नाही. घर बघायला आमचा माणूस गेला होता, त्यालाही सांगितलं गेलं की ती नोकराची खोली."

मग रिस्पर सहज आवाजात म्हणाली, "ते साहेब आले तेव्हा मीच चहा नेऊन दिला होता. त्यांना तसं वाटलं असेल."

तेव्हा दोर्सिलाला कळलं, की चार वर्षांपूर्वी तो चहाचा ट्रे हातात धरून दारात उभ्या असलेल्या या बाईने सगळं ऐकलं होतं. 'आणि ते घर कुणाचं?' 'कामवालीचं,' दोर्सिलाने सांगितलं होतं. ऐकलं होतं आणि चहात साखर किती म्हणून विचारलं होतं. आणि आज ती आपल्याला वाचवते आहे, वकिलापुढे, फुकट. दोर्सिलाला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यांच्या लग्नात माहेरी द्यायची गुरं कोण घेऊन गेलं होतं?" वकिलाने विचारलं.

"मी होतो," नेहेमिया म्हणाला. "बाकीचे वारले. पण मला त्या दिवसाचं फक्त निघतानाचं आठवतं. त्यांच्याकडची दारू फार चांगली होती."

"तुम्ही नकोच," वकील म्हणाला. "साक्ष द्यायला हवी ती आईंनीच. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनीच हो म्हणायला हवं. त्यात धोका आहे, तेही सांगून ठेवतो. खोटी शपथ हा गुन्हा आहे."

दोर्सिला उठली. "मला जमायचं नाही."

"आई, घर जाईल."

"जाऊ दे. त्या अलेगोवालीला बायको म्हणायला मी भर कोर्टात उभी राहायची? तोंडाने म्हणायचं?" एकोणीस वर्षांत तिने रिस्परला नावाने हाक मारली नव्हती. अलेगो हे तिचं माहेर, म्हणून ती अलेगोवाली. लांबून आलेल्या, परत जाऊ शकणाऱ्या माणसाचं असावं तसं ते नाव.

परत येताना गाडीत नेहेमिया दोर्सिलाशेजारी बसला. "वहिनी," तो म्हणाला, "भाऊ गेला. आता भांडता कशावर?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"खरंच नाही कळत, म्हणून विचारतो."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिला तरी कुठे नीट कळत होतं. झाब्लॉनने दुसरी का केली, याचं कारणच तिला कधी सापडलं नव्हतं. तिला मुलगे होते, शेत होतं, अंगात ताकद होती. तो एक दिवस किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेला आणि तिथे एक पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती, एवढंच. कारण असतं तर त्या कारणाशी भांडता आलं असतं. हसण्याशी कसं भांडायचं?

पुढच्या आठवड्यात जमीन बघायला गिऱ्हाईक आलं. नैरोबीकडची गाडी, त्यात एक पोट सुटलेला माणूस आणि त्याची बायको, काळा चष्मा, उंच टाचा. लिलाव करणाऱ्यांचा माणूस त्यांना जागा दाखवत होता. दोर्सिला अंगणात ओमेनाची बारीक मासळी वाळत घालत होती. ती उठली नाही.

"इथून सरोवर छान दिसतं," ती बाई रिस्परच्या घरापाशी उभी राहून म्हणाली. "टाकीही आहे. आपण राहायला हेच नीट करू. ते समोरचं आहे ना, त्यात कोंबड्या ठेवता येतील."

समोरचं म्हणजे दोर्सिलाचं.

तिचा नवरा कबरीशी आला आणि त्याने बुटाने सिमेंट ठोकून पाहिलं. "आणि हे?"

"ते हलवता येईल," दलाल म्हणाला. "परवानगी मिळते."

ती बाई दोर्सिलाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि आत डोकावली. विचारलंही नाही. तिच्या अंगाला कसलासा फुलांचा वास होता. तिने चुलीकडे पाहिलं, झाब्लॉनच्या खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं, आणि नाकाला रुमाल लावला. दोर्सिलाच्या छातीत जुनी, ओळखीची आग पेटली. ही तीच आग होती, एकोणीस वर्षं जपलेली. फक्त या वेळी ती अलेगोवालीसाठी नव्हती. ही बाई या उंबऱ्यावर रोज उभी राहणार. ही इथे पेरणार, कुणालाही न विचारता, मनात येईल त्या दिवशी. आणि झाब्लॉन? त्याला उचलून कुठेतरी रस्त्याकडेला ठेवणार.

गाडी गेल्यावर दोर्सिला रिस्परच्या दारात गेली. आत गेली नाही. त्या घरात ती कधीच गेली नव्हती.

"वकिलाला फोन लाव," ती म्हणाली. "तुझ्या फोनवर त्याचा नंबर आहे ना?"

"आहे, मिकायी."

"असणारच," दोर्सिला म्हणाली.

अर्ज दाखल झाला. बँकेने उत्तर दिलं. दोन कागदांवर एकाच बाईने दोन उलट्या शपथा घेतलेल्या बघून न्यायाधीशांनी सांगितलं, की हिला समोर उभी करा, कुठली खरी ते मला हिच्या तोंडून ऐकायचं आहे. तारीख अकरा मार्च. विक्रीला तीन दिवस उरलेले.

त्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत बायका कुदळी घेऊन उतरल्या. दोर्सिलाला रोज होमा बे गावाला जावं लागत होतं, कधी सहीला, कधी फोटोला. तिचं शेत तसंच पडलं होतं, आणि तिचं पडलं होतं म्हणून रिस्परचंही. रिस्परने बियाणं निवडून डब्यात भरून ठेवलं होतं. डबा दारात होता.

कोर्टात बँकेतर्फे नैरोबीहून वांगुई नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. नीटनेटक्या, शांत. दोर्सिला तिच्या भाषेत बोलायची आणि कोर्टाचा कारकून ते इंग्रजीत सांगायचा. कारकून याच भागातला होता, पन्नाशीचा, सोज्वळ.

"हे अक्षर तुमचं?" वांगुईबाईंनी विचारलं.

"हो."

"'कधी नव्हती' हे कुणी लिहायला लावलं?"

"कुणी नाही. मला वाटलं म्हणून लिहिलं."

"आणि आज म्हणता, दुसरी बायको होती. घर जायची वेळ आली म्हणून?"

"म्हणूनच," दोर्सिला म्हणाली. "घर जात नसतं तर मेले असते पण बोलले नसते."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, ते थांबलं.

"लग्नाचा दाखला आहे?"

"नाही."

"गुरं दिल्याचा काही पुरावा?"

"दिली असतील. मी काही बघायला गेले नव्हते."

"मग ही बाई त्यांची बायको होती, हे आम्ही कशावरून मानायचं? आज तुम्ही म्हणता म्हणून? चार वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात ते आम्ही मानलं, आणि आज तुम्हीच म्हणता की ते खोटं होतं."

दोर्सिलाने ओदुंडोकडे पाहिलं, तो कागदांत बघत होता. तिने रिस्परकडे पाहिलं. रिस्पर पहिल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसली होती. घाटावर धुणं घेऊन आपली पाळी येईपर्यंत बसावं, तशी. तिचं ते थांबणं बघून दोर्सिलाच्या तोंडून शब्द निघाले.

"ती माझ्यासाठी थांबायची," ती म्हणाली.

"म्हणजे?" न्यायाधीशांनीच विचारलं. ते दूर समुद्रकिनाऱ्याकडचे होते, त्यांना इथली रीत माहीत नव्हती.

"पेरणीला. आधी थोरलीने पेरायचं, मग धाकटीने. एकोणीस वर्षं मी आधी पेरलं आणि दुसऱ्या दिवशी तिने पेरलं. कामवाली असती तर माझ्याबरोबर माझ्या शेतात पेरती. परकी असती तर तिला वाटेल तेव्हा पेरती. थांबते ती फक्त धाकटी बायको. गावाला विचारा. तिच्या शेताकडे बघून लोक सांगायचे, मिकायीचं झालं की नाही ते."

"हे तुम्ही आज रचून सांगत नाही कशावरून?" वांगुईबाई म्हणाल्या.

दोर्सिलाने कठड्याला घट्ट धरलं. पुढचं बोलायचं नव्हतं. वकिलाला सांगितलं नव्हतं, नेहेमियाला नाही, पाद्र्याला तर नाहीच.

"एका वर्षी तिला टाकी बांधून दिली," ती म्हणाली. "पाण्याची. माझ्या घराला टाकी नव्हती, मी डोक्यावरून पाणी आणत होते. त्या वर्षी पाऊस आला आणि मी म्हटलं, माझी पाठ धरली आहे, मला पेरता येत नाही. एकोणीस दिवस मी पेरलं नाही. आमच्यात पेरणीच्या आदल्या रात्री घरधनी थोरलीच्या घरी राहतो आणि पेरणी होईपर्यंत तिथून हलत नाही. तो एकोणीस दिवस माझ्या घरी राहिला."

कारकून बोलायचा थांबला. त्याने दोर्सिलाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"सांगा," न्यायाधीश म्हणाले.

त्याने खालच्या आवाजात इंग्रजीत सांगितलं.

"माझी पाठ दुखत नव्हती," दोर्सिला म्हणाली. "तो शहरातून तेल घेऊन आला आणि रोज पाठीला चोळायचा. मी कण्हायचे. सगळ्या गावाचा मका गुडघ्याएवढा झाला, तिचं शेत काळं होतं. मी पेरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पेरलं. मग पाऊस गेला. तिच्या कणसांत दाणा भरला नाही. त्या वर्षी तिने पीठ विकत आणलं."

"म्हणजे तुम्ही तेव्हाही खोटं बोललात," वांगुईबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता तितका कोरडा नव्हता.

"तेव्हाही बोलले, बँकेतही बोलले. दोन्ही वेळा एकाच कारणासाठी. बाई, ती त्याची बायको नसती, तर मला एवढं खोटं बोलायची गरज काय पडली असती?"

वांगुईबाईंनी हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मला आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

दुपारी हुकूम झाला. पूर्ण सुनावणी होईपर्यंत विक्री थांबवली होती. कर्ज माफ झालेलं नव्हतं, बँकेशी बसून मुदत ठरवायची होती. आणि पहिल्या शपथेबद्दल कोर्ट नंतर विचार करेल, असंही शेवटच्या ओळीत होतं. ओदुंडोने दोघींना एकेक प्रत दिली आणि जाकिटाचं बटण काढलं.

गाडीत दोघी शेजारी बसल्या. या वेळी मधे नेहेमिया नव्हता. तो कोर्टासमोरच्या टपरीवर भेटेल त्याला खटला सांगत बसला होता. रिस्परने थांब्यावर तळलेला मासा घेतला आणि कागदासकट दोघींच्या मधे ठेवला. डोक्याचा भाग दोर्सिलाकडे केला. दोर्सिलाने चष्मा लावून हुकूम वाचायला घेतला. पहिल्याच पानावर ती अडली.

"वादी क्रमांक एक, रिस्पर आद्योया ओमोलो, दिवंगत झाब्लॉन यांची पत्नी," तिने वाचलं. "क्रमांक दोन, दोर्सिला." चष्मा काढला. "हे असं का?"

"वकील म्हणाले, जिला विचारलं नाही तिचं नाव आधी लागतं."

"कोर्टाला काही रीत नाही," दोर्सिला म्हणाली, आणि माशाचं डोकं मोडलं.

डावीकडे सरोवर आलं आणि गेलं. मग रिस्परने विचारलं, "खरंच दुखत नव्हती पाठ?"

"नाही म्हटलं ना सगळ्यांसमोर."

"मला वाटलं होतं फार दुखतेय. म्हणून तेल पाठवलं होतं. निलगिरीचं. माझ्या आईने दिलेलं होतं."

दोर्सिलाचा हात थांबला. "कुणाच्या हाती पाठवलंस?"

"त्यांच्याच. म्हटलं, माझं नाव सांगू नका, लावून घ्यायच्या नाहीत."

ती बाटली अजून दोर्सिलाच्या पेटीत होती. रिकामी. बूच काढलं की अजून थोडा वास येई. आपल्यासाठी तो शहरात गेला, दुकान शोधलं, पैसे मोजले, या एवढ्या गोष्टीवर तिने किती वर्षं काढली होती. एकोणीस दिवस तेवढे निव्वळ आपले होते, असं ती धरून चालली होती. त्यातही ही होतीच. रोज रात्री, पाठीवर, त्याच्या तळव्याला लागलेली. कोर्टात उभं राहताना जेवढं जळलं नव्हतं तेवढं आता जळलं. तिने तोंड खिडकीकडे केलं.

"मासा निवतोय, मिकायी," रिस्पर म्हणाली.

"खा तू."

सकाळी दोर्सिला उठायला गेली आणि तिला उठता येईना. चार दिवस कोर्टाच्या बाकांवर, गाडीच्या फळकुटावर बसून पाठ धरली होती. खरीखुरी. कंबरेतून कळ निघून गुडघ्यापर्यंत जात होती. ती तशीच पडून छताकडे बघत राहिली. आता हे सांगायचं कुणाला? सगळ्या जिल्ह्याला कालच सांगून झालं होतं, की मिकायीची पाठ दुखते म्हणजे काय होतं ते. कारकुनाने इंग्रजीतसुद्धा सांगितलं होतं.

भिंतीला धरून ती दारापर्यंत आली. पलीकडच्या दारात डबा होता आणि डब्याशेजारी रिस्पर बसली होती. कुदळ मांडीवर. ती इकडे बघत नव्हती, आणि बघत नाही हे दिसावं म्हणून तोंड सरोवराकडे करून बसली होती. माती काळी, भिजलेली, वाट बघणारी. आणखी आठवडा गेला असता तर या वर्षीही दाणा भरला नसता.

पडून राहणं सोपं होतं. दुखत तर होतंच. कोण खोटं म्हणणार होतं, आणि म्हटलं असतं तरी या वेळी देवाला माहीत होतं.

दोर्सिलाने कुदळीचा दांडा काठीसारखा टेकला आणि ती कबरीच्या बाजूने शेतात गेली. उभ्याने वाकता येईना, म्हणून ती खाली बसली. बसूनच तिने एक खड्डा केला, दोन दाणे टाकले, हाताने माती ओढली. मग सरकली. दुसरा खड्डा. लोक रस्त्यावरून बघत असतील तर बघोत. एक ओळ पुरी व्हायला सूर्य बांधावर आला. रीत मोडू नये म्हणून एक ओळ पुरते. पूर्ण शेत लागत नाही.

ओळीच्या टोकाला ती धापा टाकत बसली आणि तिने हात झटकले. हाक मारली नाही. मारायची गरजही नव्हती. पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

रिस्पर तिच्या शेतात उतरली. एका हाताने कुदळ, दुसऱ्या हाताने दाणे, पायाने माती. वाकणं नाही, थांबणं नाही. बघता बघता तिच्या तीन ओळी झाल्या. दोर्सिलाने स्वतःच्या ओळीकडे पाहिलं. बसून केलेली, मधे फुगलेली, शेवटी कबरीकडे झुकलेली. मग तिने पलीकडे पाहिलं.

रिस्परच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. दोर्सिलाला ते बघवेना, आणि पाठीमुळे उठताही येईना. चौथी ओळ संपेपर्यंत ती तिथेच बसून बघत राहिली.